अक्का, हे पत्र एकटीनंच वाच

लेस्टर, इंग्लंड
मार्गशीर्ष, येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) आधी

तीर्थस्वरूप अक्कास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

"पाहुणे का बोलंनात? भांडलात का काय?" असं तू फोनवर विचारलंस आणि मी विषय बदलला. तुझा फोन स्पीकरवर असतो, बाजूला आई, सूनबाई, लेकरं. तिथं काय सांगणार? आम्ही भांडलो नाही. हे आजारी आहेत. जिवाला धोका नाही, कॅन्सर नाही, एकाचं दुसऱ्याला लागणारंही नाही. पण दुखणं अशा जागचं आहे की ह्यांनी ते कित्येक महिने मलाही कळू दिलं नाही. तू अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून आयुष्य काढलंस, पुरुषांच्या वॉर्डात ड्रेसिंग केलीस. म्हणून तुलाच लिहायलेय.

आजाराचं नाव पेरोनी. लिंगाच्या आतल्या आवरणात वरच्या अंगाला एक कडक पट्टा तयार झालाय, बोटाला लागतो. एरवी काही कळत नाही, पण ताठरता आली की लिंग वर वाकतं. वाकळीला एका बाजूला जाड ठिगळ बसलं की सगळी वाकळ तिकडं ओढली जाते, तसं. बाकीचा भाग ताणला जातो, तेवढा पट्टा ताणत नाही. नकळत झालेल्या बारीकसारीक इजा भरून येताना तिथं वाजवीपेक्षा जास्त व्रण साठतो, असं डॉक्टर सांगतात. पन्नाशीच्या पुढं-मागं जास्त दिसतो, आणि मधुमेह असला की शक्यता वाढते. ह्यांची साखर तुला ठाऊकच आहे. डॉक्टरांनी ह्यांचे दोन्ही तळहात उघडायला लावून बघितले. तळव्यात गाठी होऊन ज्यांची बोटं आत वळतात, त्यांच्यात हा आजार जास्त आढळतो म्हणे. ह्यांचे हात ठीक आहेत.

सुरुवातीला ठणकायचं खूप. पाठीचं निमित्त काढून हे दुसऱ्या खोलीत झोपू लागले. मनात एकच धरलेलं, की तरुणपणीच्या सवयीची ही शिक्षा आहे. आपल्याकडं लातूरच्या रस्त्यानं भिंतींवर 'गुप्तरोग' म्हणून रंगवलेलं असायचं, जत्रेत जडीबुटीवाल्यांचे तंबू असायचे. त्या भिंती वाचत मोठा झालेला माणूस दुसरं काय मनात धरणार? मला त्या भिंतींचा फार राग येतो अक्का. किती माणसं गपगुमान त्या तंबूंत शिरली असतील आणि पैसे देऊन आणखी खचून बाहेर आली असतील. १७४३ साली फ्रान्सच्या पंधराव्या लुईच्या शल्यवैद्यानं हा आजार लिहून ठेवला, त्याच्याच नावानं तो ओळखला जातो. हे मी ह्यांना वाचून दाखवलं. पावणेतीनशेहून जास्त वर्षं डॉक्टरांना माहीत असलेली गोष्ट आहे म्हटल्यावर ह्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

एका डॉक्टरांनी वयाचं कारण सांगून परत पाठवलं होतं. दुसऱ्या भेटीत तज्ज्ञाकडं चिठ्ठी मिळाली. तिथं सांगितलं, घरी ताठरता असताना बाजूनं फोटो काढून आणा, कोन मोजायचाय. ह्यांना तो फोटो काढायला किती जड गेलं हे मी तुला लिहू शकत नाही. कोन ५० अंशांच्या जवळ निघाला.

औषधांचं म्हणशील तर पोटात घ्यायची एकही गोळी हा बाक सरळ करत नाही. हे गुपचूप ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल घेत होते, त्याचाही उपयोग सिद्ध झालेला नाही. अमेरिकेत त्या पट्ट्यात द्यायचं एक इंजेक्शन आहे, तिथं त्याला २०१३ साली मान्यता मिळाली. ते व्रण विरघळवतं, बाक काही प्रमाणात कमी करतं, पण आतलं आवरण फाटण्याचा धोकाही असतो. युरोपात कंपनीनं २०२० मध्ये ते बंद केलं, त्यामुळं आमच्यासाठी तो रस्ता नाही. ताण देणारं एक उपकरण असतं, रोज लावायचं, महिनोन् महिने. हे लावतात. लांबी टिकायला त्याची थोडी मदत होते.

राहिलं ऑपरेशन. ते घाईनं करत नाहीत. दुखणं थांबून, बाक काही महिने जिथल्या तिथं राहिला पाहिजे. आजार सुरू होऊन वर्ष तरी उलटावं लागतं, नाहीतर सरळ केलेलं पुन्हा वाकतं. आता ह्यांचं ठणकणं थांबलंय, कोनही बदलत नाही. म्हणून हा प्रश्न समोर आला.

दोन वाटा सांगितल्या. एकीत पट्ट्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे जी बाजू लांब आहे तिला टाके घालून आखूड करतात. लिंग सरळ होतं, ताठरता बहुतेक टिकते, पण लांबी कमी होते. आधीच आजारानं थोडी कमी झालेली, त्यात आणखी. दुसरीत पट्टाच कापून तिथं दुसऱ्या ऊतीचा तुकडा शिवतात. लांबी जास्त वाचते, पण ताठरता कमी होण्याचा, बधिरपणा येण्याचा धोका वाढतो. ही ६० अंशांच्या पुढच्या बाकाला जास्त करतात. मधुमेह असलेल्या माणसाला डॉक्टर दुसरी वाट सुचवत नाहीत, हे मला बरोबरच वाटलं. गोळ्यांनीही ताठरता येत नसेल तर आत कृत्रिम दांडी बसवतात, पण ह्यांना आज त्याची गरज नाही. पहिल्या ऑपरेशनात पुष्कळदा पुढची कातडीही काढावी लागते. हे ऐकून हे बराच वेळ गप्प राहिले. नंतर म्हणाले, चालेल.

डॉक्टरांनी एक प्रश्न दोघांना विचारला: संबंध जमतो का? जमत असेल आणि त्रास नसेल तर काहीच केलं नाही तरी चालतं, असं ते स्पष्ट बोलले. हे माझ्याकडं बघायला लागले. मी खरं सांगितलं. जमतो, पण मला दुखतं.

अक्का, खरी अडचण इथं आहे. एकदा माझ्या तोंडावर ती कळ ह्यांना दिसली आणि त्या दिवसापासून ह्यांनी मला हात लावणं सोडलं. संबंधांचं सोड, ते ह्या वयात कमी-जास्त होतंच. पण चहा देताना बोटाला बोट लागू नये म्हणून कप टेबलावर ठेवायचा, टीव्ही बघताना दुसऱ्या खुर्चीत बसायचं, हे मला सोसत नव्हतं. आम्ही आता दोघं मिळून एका समुपदेशक बाईंकडं जातो. त्यांनी सांगितलं, काही दिवस संबंध करायचाच नाही असं आधीच ठरवून टाका आणि नुसते जवळ बसा, पाठ चोळा, हात धरा. पुढं काही करून दाखवायचं नाही म्हटल्यावर ह्यांची भीती उतरली. आता हे परत आमच्या खोलीत झोपतात. एवढं झालं तरी मला दिवाळीसारखं वाटलं.

म्हणून माझं मत असं की ऑपरेशन माझ्यासाठी करू नये. मला दुखतं त्यावर उपाय निघतात, पडण्या-बसण्याच्या तऱ्हा बदलता येतात, बाईंनी तेही समजावलंय. पण हे म्हणतात, "तू नको म्हणालीस तरी मला आरशात बघितलं की मी मोडल्यासारखा वाटतो." त्यावर मी काय बोलू? शरीर त्यांचं आहे. लांबी कमी झाल्यावर हे आणखी खचतील का, ही माझी धास्ती मी त्यांच्यासमोर मांडली आहे, डॉक्टरांपुढंही मांडणार आहे. जानेवारीत भेट आहे. त्या दिवशी हे हो म्हणाले तर मी त्यांच्याबरोबर आहे, नको म्हणाले तरी आहे.

ऑपरेशन ठरलं तर नंतर साधारण सहा आठवडे संबंध बंद, जड उचलणंही बंद, आणि साखर आधी ताब्यात आणावी लागेल. मग उन्हाळ्यात लग्नाला येणं होणार नाही. ह्यांना रजा मिळाली नाही असं दादाला सांग. आईला ह्यातलं काही सांगू नकोस, ती उपास धरील. आणि कुणी काढा, भस्म, तेल पाठवतो म्हणालं तर तिथंच थांबव. ह्यांच्या साखरेच्या गोळ्या चालू आहेत, मला भलतं काही नकोय.

यंदा येळवशीला शेतात आंबील पिताना, भाज्या-दाण्यांची भज्जी खाताना आमची आठवण काढशील, मला माहीत आहे. ह्यांनाही भज्जीची फार आठवण येते. पावट्याचे दाणे इथं मिळाले तर मी करून बघणार आहे.

उत्तर पत्रानंच दे. तुझ्या वॉर्डात असे पेशंट आले असतील तर ऑपरेशननंतर त्यांचं कसं होतं, ड्रेसिंगला काय जपावं लागतं, ते सविस्तर लिही. फोनवर विचारायचंच झालं तर "पाहुण्यांचा गुडघा कसा आहे" असं विचार, मी समजून घेईन.

तुझी,
धाकटी