ही बंदी खेड्यालाही हवी आहे

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

कुत्री सोडून खोकडाची (फॉक्सची) शिकार करण्यावरची ब्रिटनमधली बंदी म्हणजे शहरी मतदारांनी खेड्यावर उगवलेला सूड, असं तुम्ही कालच्या अग्रलेखात लिहिलंत. वाचल्यापासून चैन नाही, म्हणून लिहिते.

मी बारा वर्षं लेस्टरशायरमधल्या एका खेड्यात राहते. माहेर जुन्नर तालुक्यातलं. घरी शेती, कोंबड्या, दोन म्हशी. खेडं काय असतं ते मला ठाऊक आहे.

मागच्या जानेवारीत एका शनिवारी परसात कपडे वाळत घालत होते. शिंगाचा आवाज आला आणि बघता बघता वीसेक शिकारी कुत्री कुंपण ओलांडून आत. आमची मनी खुराड्यावर ऊन खात बसली होती. मी हातातल्या ओल्या चादरीने कुत्र्यांना झोडपत होते, ओरडत होते. त्याच चादरीत मनीला गुंडाळलं तेव्हा ती अजून कोमट होती. लाल कोटातला घोडेस्वार फाटकाशी येऊन म्हणाला, ‘अपघात झाला, मॅडम. आम्ही फक्त वासाच्या फडक्यामागे होतो.’ आमच्या परसात फडकं कोणी ओढलं होतं?

सगळी मेख इथेच आहे. 2004चा शिकारबंदीचा कायदा 18 फेब्रुवारी 2005पासून इंग्लंड-वेल्समध्ये लागू झाला, पण जमिनीवर वास ओढून त्यामागे कुत्री पळवायची मुभा राहिली. मध्ये खोकड सापडलं तर म्हणे अपघात! मुद्दाम शिकार केली हे कोर्टात सिद्ध करायचं, ते कसं करणार? स्कॉटलंडने 2023मध्ये ही पळवाट बुजवली. लेबर पक्षाने 2024च्या जाहीरनाम्यात तेच वचन दिलं, ते पाळायलाच हवं. अशा शिकारीने खोकडाच्या हिताला गंभीर बाधा येते, हे 2000 साली सरकारने नेमलेल्या बर्न्स समितीनेही लिहून ठेवलंय. तेही शहरी राजकारणच का?

शेजारच्या आजींनी जन्मभर मेंढ्या राखल्या. मनीसाठी खड्डा त्यांनीच खणला. त्या पहिल्यापासून बंदीच्या बाजूच्या. त्यांना शहरी म्हणाल?

आणखी एक. अग्रलेखासोबत छापलेला फोटो आपल्याकडच्या कोल्ह्याचा आहे. इंग्लंडात कोल्हा नाही, तिथे तांबडं खोकड असतं. उटीला इंग्रज साहेब कोल्ह्यामागे कुत्री सोडत, त्या लेखाला हा फोटो शोभला असता. माझ्या लेकीला मराठी यावं म्हणून मी तुमचाच पेपर तिला वाचून दाखवते. ‘आई, आपल्या शेतात येतो तो हा नाही,’ असं आठ वर्षांच्या पोरीने सांगितलं. दुरुस्ती छापावी.

आपली,
एक वाचक, लेस्टरशायर