गोव्याला वेगळा झेंडा कशाला, आहे त्या झेंड्याची गोष्ट सांगा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "गोव्याचा झेंडा" म्हणून डिझाईन्स फिरतायत. कुणी माड टाकलाय, कुणी कदंबांचा सिंह, कुणी निळ्या पट्टीवर देऊळ आणि चर्च शेजारी शेजारी काढलंय आणि खाली लिहिलंय की कर्नाटकला झेंडा आहे मग आम्हाला का नको. पोरं हौसेनं करतायत, गोव्याबद्दल वाटतं म्हणूनच करतायत, ते मला आवडतं. पण त्यात बरीच माहिती अर्धवट आहे आणि या विषयावर मला मनापासून काही सांगायचंय म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे कर्नाटकलासुद्धा अधिकृत झेंडा नाहीये. बेळगावला १ नोव्हेंबरला, कर्नाटकच्या राज्योत्सवाला, जो पिवळा-लाल झेंडा सगळीकडे दिसतो तो म. राममूर्ती यांनी १९६० च्या दशकात कन्नड चळवळीसाठी केलेला, लोकांनी तो उचलून धरला आणि तो रुजला. पुढे मार्च २०१८ मध्ये सिद्धरामय्या सरकारने मधे पांढरा पट्टा आणि त्यावर गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा पक्षी, असा नवीन झेंडा पुढे आणला, केंद्राची मान्यता काही मिळाली नाही. त्याआधी १९७० मध्ये तामिळनाडूत करुणानिधींनी गोपुराचं चित्र असलेल्या झेंड्याची कल्पना मांडली होती, तीपण तिथेच राहिली. खरा कायदेशीर झेंडा होता फक्त जम्मू-काश्मीरचा, लाल कापडावर नांगर आणि तीन उभ्या पट्ट्या, जम्मू, काश्मीर आणि लडाख अशा तीन भागांच्या, तो १९५२ पासून होता आणि २०१९ ला ३७० कलमाबरोबर गेला. म्हणजे आज देशात कुठल्याच राज्याला स्वतःचा अधिकृत झेंडा नाही. राज्याने झेंडा करू नये असं घटनेत कुठे लिहिलेलं नाही हेपण खरं, त्यामुळे मागणी करायला कुणाला बंदी नाही, प्रश्न एवढाच की त्या कापडावर काढणार काय.

आणि इथेच गाडी अडते असं मला वाटतं. अमेरिकेत प्रत्येक राज्याला झेंडा आहे, आपली पोरं त्याचं उदाहरण देतात, पण मिसिसिपी राज्याचं काय झालं ते बघा. १८९४ मध्ये त्यांनी झेंड्याच्या कोपऱ्यात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेच्या फौजेची निशाणी घातली, राज्यातल्या काळ्या लोकांना तोच झेंडा सरकारी ऑफिसावर, शाळेवर सव्वाशे वर्षं बघावा लागला, शेवटी २०२० ला कायदा करून तो उतरवला आणि लोकांची मतं घेऊन मॅग्नोलियाच्या फुलाचा नवीन झेंडा आणला. एका पिढीने आपल्या आवडीची खूण टाकली आणि पुढच्या चार-पाच पिढ्या त्यावरून भांडत राहिल्या.

आता गोव्यात येऊया. सिंह घ्यायचा म्हटला तर तो गोव्याच्या कदंब राजांचा, त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर आहे, मला स्वतःला खूप आवडतो. पण तो मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षाची निशाणीपण आहे, उद्या झेंड्यावर आला की अर्धी विधानसभा उठून उभी राहील. फूल किंवा पानं काढली तर १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवेल, फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं आणि दोन पानं म्हणजे वेगळं राहायचं. आमच्या पेडणे तालुक्यात फुलाला भरभरून मतं पडली, सासष्टीत दोन पानांना, आणि चौतीस हजारांच्या फरकाने पानं जिंकली. इतकी वर्षं झाली तरी काही घरांत तो विषय काढला की आवाज चढतात. चक्र काढायचं म्हटलं तर कुठलं चक्र हा प्रश्न येईल, कारण पोर्तुगिजांच्या काळात इथल्या सरकारी चिन्हावरपण एक चक्र होतंच, ते सेंट कॅथरीनचं. पोर्तुगीज सेनापती आफोंस द आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० ला गोवा जिंकला तो दिवस सेंट कॅथरीनचा, म्हणून जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल तिच्या नावाने आहे आणि तिचं ते चाक गोव्याच्या चिन्हावर आलं. एका माणसासाठी ती संतांची पवित्र खूण, दुसऱ्यासाठी जिंकणाऱ्याने मारलेला शिक्का. दोघांच्या भावना खऱ्याच आहेत, त्यात मी कुणाला चूक म्हणणार नाही, पण झेंड्यावर घालायची वस्तू ही नव्हे.

शिवाय राज्याची ओळख दाखवणारं बोधचिन्ह आपल्याकडे आहे की, दिवा आहे, हात आहेत आणि वर "सर्वे भद्राणि पश्यन्तु मा कश्चिद् दुःखमाप्नुयात्" हे वचन. सरकारी कागदावर रोज असतं ते, पण थांबून वाचणारे किती असतील कोण जाणे.

मला मुख्य जे सांगायचंय ते वेगळंच आहे. गोव्याच्या डोक्यावर झेंडे खूप बदलले, आणि कधीच कुणी गोवेकराला विचारलं नाही. कदंब गेले, पुढे बहामनी, विजयनगर, मग आदिलशहा, मग पोर्तुगीज. आमचं पेडणं तर १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांचं, तहात पोर्तुगिजांकडे गेलं आणि निशाण बदललं. पोर्तुगिजांचा स्वतःचा झेंडासुद्धा एक नव्हता, राजा होता तेव्हा निळा-पांढरा होता, ५ ऑक्टोबर १९१० ला लिस्बनला प्रजासत्ताक आलं आणि १९११ मध्ये झेंडा हिरवा-लाल झाला, मधे दर्यावर्दींचा तो सोनेरी गोल, त्यावर ढालीत पाच निळ्या छोट्या ढाली आणि भोवती सात किल्ले, हे किल्ले मूर लोकांकडून, म्हणजे तिथल्या मुसलमान राज्यकर्त्यांकडून, जिंकलेल्या मुलखाचे असं मानतात. हजारो मैलांवर सरकार बदललं आणि इथे पणजीत खांबावरचं कापड बदललं, खालून जाणाऱ्या माणसाचा त्यात काय संबंध. फुटबॉल वर्ल्ड कप आला की आपल्याकडे ब्राझील, अर्जेंटिना, पोर्तुगाल सगळ्यांचे झेंडे बाल्कनीत लागतात, खेळाच्या प्रेमाने लागतात, लागूदेत, पण त्या हिरव्या-लाल कापडाखाली इथल्या माणसांना तिरंगा हातात घेतला म्हणून पकडून नेत होते हेसुद्धा त्या बाल्कनीतल्या पोराला माहीत असायला हवं.

तिरंगा असा वरून आला नाही. तो माणसांनी हातात धरून, पायी चालत, सीमा ओलांडून आणला, तेही इथे तो धरणं गुन्हा होता तेव्हा. संविधान सभेने २२ जुलै १९४७ ला राष्ट्रध्वज स्वीकारला तेव्हा आपण त्यात नव्हतोच, आपल्याकडे अजून साडेचौदा वर्षं बाकी होती. बरोबर सात वर्षांनी त्याच तारखेला, २२ जुलै १९५४ ला पोर्तुगिजांच्याच ताब्यातलं दादरा मुक्त झालं, फ्रान्सिस मास्करेन्हस आणि वामन देसाई यांच्यासारखे गोवेकर त्यात पुढे होते, आणि पुढे २ ऑगस्टला नगरहवेली, त्या लढ्यात आपले सुधीर फडकेसुद्धा होते हे गाणी ऐकणाऱ्या किती लोकांना माहीत आहे. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आल्फ्रेड आफोंस आणि त्यांचे साथी तेरेखोलच्या किल्ल्यात शिरले आणि तिरंगा लावला, मग पकडले गेले. आज केरीहून फेरीने पलीकडे जाऊन लोक त्या किल्ल्यावर फोटो काढतात, समुद्र दिसतो, छान वाटतं, पण हा तोच किल्ला हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

आणि पुढच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५५. देशभरातून निःशस्त्र सत्याग्रही आले, पोर्तुगीज सैनिकांनी थेट गोळ्या घातल्या आणि वीसहून जास्त माणसं गेली. पत्रादेवीला पंजाबातल्या इसरू गावचा कर्नैलसिंग गेला, विशीतला मुलगा, कुठे लुधियाना आणि कुठे पेडणे. मध्य प्रदेशातल्या सागरकडच्या सहोदराबाई राय तिरंगा घेऊन पुढे झाल्या आणि त्यांना गोळी लागली, त्या वाचल्या आणि नंतर लोकसभेत निवडून गेल्या. पनवेलचे हिरवे गुरुजी याच सत्याग्रहात हुतात्मा झाले. यातल्या कुणाचं गोव्यात घर नव्हतं, जमीन नव्हती. पत्रादेवीचं स्मारक आमच्या तालुक्यात हायवेच्या बाजूला आहे, मुंबईकडून येणाऱ्या गाड्या तिथून भरधाव जातात, सगळ्यांना बागा-कळंगुट गाठायचं असतं. मला दरवेळी वाटतं की एकतरी गाडी थांबावी.

शेवटी १९ डिसेंबर १९६१ ला पणजीत सचिवालयावर तिरंगा चढला. त्याच्या आदल्या दिवशी अंजदीव बेटावर पोर्तुगिजांनी पांढरं निशाण दाखवलं आणि आपले नौसैनिक किनाऱ्याला लागल्यावर गोळीबार केला, त्या कारवाईत नौदलाचे सात जण गेले. त्याच नौदलाने २ सप्टेंबर २०२२ ला कोचीला आपल्या ध्वजावरचा ब्रिटिशांच्या काळापासूनचा सेंट जॉर्जचा लाल क्रॉस काढला आणि शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आणली. वास्कोला नौदलाचा एवढा मोठा तळ आहे, त्यामुळे हा बदल गोव्यातल्या पोरांनी समजून घ्यायलाच हवा.

आणखी एक, रंगांच्या अर्थाबद्दल. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमात पाहुणे सांगतात की केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा ख्रिश्चन वगैरे बाकीच्यांचा. हे ऐकून मला फार वाईट वाटतं, विशेषतः समोर सगळ्या धर्मांची मुलं बसलेली असतात तेव्हा. १९२१ ला बेझवाड्यात (आजचं विजयवाडा) पिंगळी वेंकय्यांनी गांधीजींना झेंडा दाखवला तेव्हा रंगांचा विचार तसा होता हे खरं, पण त्यावरून नाराजी झाली, शिखांनी आमचा रंग कुठे म्हणून विचारलं, आणि १९३१ मध्ये काँग्रेसने ठरवूनच टाकलं की रंगांना धर्माचा अर्थ नाही. केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांतीचा, हिरवा श्रद्धेचा. पुढे संविधान सभेत राधाकृष्णन यांनी हिरवा म्हणजे मातीशी, झाडाझुडपांशी असलेलं नातं असं सांगितलं, जे आपल्या कुळागरांच्या (पोफळीच्या बागांच्या) आणि खाजनांच्या (खाडीकाठच्या शेतांच्या) प्रदेशात किती चपखल बसतं बघा. चरख्याच्या जागी अशोकाचं चक्र आलं त्यालापण साधं कारण होतं, चरखा दुसऱ्या बाजूने उलटा दिसतो, चक्र दोन्हीकडून सारखं. आणि ते २४ आऱ्यांचं चाक सारनाथच्या स्तंभावरचं, कुणा एका धर्माच्या माणसाला बाहेर ठेवणारं नव्हे. ज्या झेंड्यासाठी आल्फ्रेड आफोंस आणि हिरवे गुरुजी दोघेही पुढे झाले त्याचे तीन तुकडे करून मुलांना वाटू नका एवढीच त्या पाहुण्यांना हात जोडून विनंती.

कापडाबद्दलपण थोडं. २०२१ च्या शेवटी नियम बदलून मशीनवरचे, पॉलिएस्टरचे झेंडे चालतील असं झालं, पुढच्या वर्षी घरावर रात्रीपण ठेवायला परवानगी मिळाली, त्यामुळे घरोघरी झेंडा पोचला हे चांगलंच. पण म्हापशाच्या बाजारातून आणलेले ते झेंडे पावसात भिजून, फाटून सप्टेंबरपर्यंत बाल्कनीत लोंबत असतात. फाटका झेंडा लावायचा नाही, खराब झाला तर मानाने, एकांतात, शक्यतो जाळून विल्हेवाट लावायची असं ध्वजसंहितेत स्पष्ट आहे. आणि खादीचा अधिकृत राष्ट्रध्वज तयार होतो तो हुबळीजवळच्या बेंगेरीला, आपल्यापासून काही तासांवर. भारतीय मानकांच्या यादीतलं एक नंबरचं मानकच राष्ट्रध्वजाचं आहे, धाग्यापासून शिलाईपर्यंत सगळं त्यात ठरवलेलं. निदान पंचायती आणि शाळांनी तरी तिथून मागवावा, आणि एकदा मुलांना नेऊन तो कसा बनतो ते दाखवावं.

तेव्हा झेंड्याची डिझाईन्स करणाऱ्या मुलांना माझं सांगणं असं की तुमची कला इथे लावा. तेरेखोल, पत्रादेवी, जिथे जिथे १९६१ च्या आधी तिरंगा नेला गेला त्या जागांचे नकाशे करा, पोस्टर करा, फलक करा, मराठीत करा, कोंकणीत करा, आणि १९ डिसेंबरला आपापल्या शाळेत लावा. पंचायतींनी ध्वजवंदनाच्या आधी पाच मिनिटं राखून गावातल्या किंवा जवळच्या स्वातंत्र्यसैनिकाची हकीकत सांगावी, भाषणं नंतर करावीत. आणि संपादक साहेब, आपल्या पेपरला विनंती की १ डिसेंबरपासून १९ पर्यंत रोज एका जागेची माहिती पहिल्या पानावर चौकटीत छापावी, पेडण्यातल्या जागांची माहिती गोळा करायला मी स्वतः यायला तयार आहे.

आपला,
एक वाचक, पेडणे