पॅड नवे, तरी पेडल मऊ

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

हल्ली ब्रेक पॅड, लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे), कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारी पकड) सगळे घरपोच मिळते आणि ते बदलायचे कसे हे दाखवणारे व्हिडिओही पुष्कळ आहेत. घरी ब्रेकचे काम करण्यात वावगे काही नाही. सावकाश आणि स्वच्छ हातांनी केले तर ते चांगलेच होते. पण चाकाचे नट आवळून झाल्यावर पेडल दाबावे तर ते लोण्यात पाय घातल्यासारखे आत जाते आणि मग कोणीतरी सांगतो, ‘चार दिवस चालव, बसेल आपोआप.’ हा सल्ला जिवावर बेतणारा आहे, म्हणून हे पत्र.

पॅड बदलताना कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलावा लागतो. त्यामुळे पहिले पाच-सहा दाब रिकामे जाणार, हे ठरलेले. गाडी जागची हलवण्याआधीच पेडल दाबत राहून ते घट्ट करून घ्यायचे. पंधरा-वीस दाबांनंतरही ते मऊच राहिले, तर काहीतरी चुकले आहे. काय चुकले ते पेडलच सांगते.

इंजिन बंद ठेवून बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपेपर्यंत पेडल दाबा आणि मग नीट तपासा. भराभर दाबल्यावर पेडल वर येत असेल आणि घट्ट होत असेल, तर ब्रेक ऑईलच्या लाइनमध्ये हवा आहे किंवा मागच्या ड्रममधले लायनर ड्रमपासून फार लांब आहेत. वर येऊनही खाली स्पंजासारखे लागले तर हवा. उंच आणि टणक लागले तर लायनरचे ॲडजस्टमेंट. पाय तसाच दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे (पेडलच्या जोराने ऑईल चाकांकडे ढकलणाऱ्या नळकांड्याचे) रबर आतल्या आत ऑईल सोडते आहे. तिथे कितीही हवा काढली तरी उपयोग नाही. पाय पेडलवर ठेवून इंजिन चालू केले की पेडल थोडे खाली जाते, तो दोष नव्हे. बूस्टर काम करतो आहे, एवढाच त्याचा अर्थ.

थोड्याशा हवेने काय होणार, असे अनेकांना वाटते. हिशेब करून पाहा. मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) २० मिमी धरला तर १ मिली हवा दाबून टाकायला पिस्टनला सुमारे ३ मिमी सरकावे लागते. पेडलची तरफ चौपट धरली तर पायाखाली १२-१३ मिमी प्रवास वाया गेला. चमच्याचा पाव भागही न भरणारी हवा एवढे करते!

हवा काढायला दोन माणसे, निपलवर (चाकापाशी हवा सोडायच्या छोट्या पोकळ बोल्टवर) घट्ट बसणारी पारदर्शक नळी आणि तळाला थोडे नवे ऑईल असलेली बाटली लागते. नळीचे टोक त्या ऑईलमध्ये बुडलेले हवे. निपलला रिंग पानाच लावा. उघड्या पान्याने कोपरे झिजतात आणि मग निपल तुटतो. एकाने पेडल सावकाश दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल पाव फेरा सैल करायचा, ऑईल आले की बंद करायचा आणि ‘सोड’ म्हटल्यावरच पाय उचलायचा. निपल उघडा असताना पाय उचलला तर हवा उलट आत ओढली जाते. घाईने दाबले तर मोठा बुडबुडा फुटून बारीक फेस होतो आणि तो निघता निघत नाही. दर पाच-सहा दाबांनी ब्रेक ऑईलच्या टाकीतली पातळी पाहा. टाकी एकदा कोरडी पडली की सगळे काम पहिल्यापासून.

आपल्याकडे मास्टर सिलिंडर उजव्या बाजूला असतो, म्हणून सहसा मागचे डावे चाक आधी, मग मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. पण पुष्कळ लहान गाड्यांत लाइन तिरप्या जोडलेल्या असतात, म्हणजे पुढचे एक चाक आणि विरुद्ध बाजूचे मागचे चाक एका लाइनवर. तिथे गाडीच्या पुस्तिकेतला क्रम प्रमाण. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पिस्टन जिथे जात नाही तिथे गंज आणि गाळ साचलेला असतो आणि त्यावर घासून रबर फाटते. हवा काढताना मास्टर सिलिंडर ‘अचानक गेला’ असे वाटते, त्याचे कारण बहुधा हेच.

आता एक चूक जवळून पाहा, कारण हिच्यापायी लिटरभर ऑईल ओतूनही हवा निघत नाही. दोन्ही कॅलिपर एकदम काढले आणि बसवताना डावा उजवीकडे गेला. बोल्ट व्यवस्थित लागतात, पॅड बसतात, चाक फिरते. फक्त निपल खालच्या बाजूला येतो. हवा वर जाते आणि वरच अडकून राहते. नळीतून मात्र स्वच्छ, बिनबुडबुड्यांचे ऑईल येत राहते. निपल कॅलिपरच्या सर्वांत वरच्या टोकाला आहे का, हे पाना हाती घेण्याआधी बघा. ड्रममधल्या स्वयंचलित ॲडजस्टरचेही तसेच. बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्याचे आटे उलटे असतात. अदलाबदल झाली तर लायनर जवळ येण्याऐवजी दूर जातात. ड्रम हाताने फिरवताना लायनर हलकासा घासल्याचा आवाज येईल, इतपत ॲडजस्ट करायचे.

हवा नसतानाही पेडल मऊ राहण्याची आणखी कारणे आहेत. पॅड वाकडा बसला किंवा कॅलिपरची स्लायडर पिन (जिच्यावर तो सरकतो) कोरडी पडून अडकली, तर आधी कॅलिपर वाकतो आणि मग ब्रेक लागतो. हबवरचा (डिस्क आणि चाक बसते त्या भागावरचा) गंज न घासता डिस्क चढवली तर ती डुलते आणि पॅड मागे ढकलते. पिनला सिलिकॉनचे ब्रेक ग्रीसच लावा. साधे ग्रीस, डिझेल किंवा इंजिन ऑईल लागले की रबर फुगते. कॅलिपर रबरी होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने वर बांधा. होजचा बोल्ट काढला असेल तर तांब्याचे वॉशर नवेच घाला.

टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिले असेल ते ऑईल, तेही सीलबंद बाटलीतले. हे ऑईल हवेतली ओल शोषते आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर अर्धी उरलेली बाटली ठेवण्याच्या लायकीचीच राहत नाही. डॉट ४ नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल धरली की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत घसरू शकते. मग आंबा किंवा वरंधा घाट उतरताना त्याची वाफ होते आणि घरी घट्ट असलेले पेडल वळणावर मऊ पडते. डॉट ५ सिलिकॉनचे असते, ते यात मिसळू नये. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा.

एबीएसच्या (जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा शिरली असेल तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावून त्याचे व्हॉल्व्ह चालवावे लागतात. अशी गाडी वर्कशॉपला चालवत नेऊ नका, उचलून न्या. सुटे भाग विकणाऱ्या दुकानदारांनीही पॅडचा डबा देताना ‘पेडल घट्ट झाल्याशिवाय गाडी हलवू नका’ एवढे एक वाक्य गिऱ्हाइकाला सांगावे, ही विनंती.

काम झाल्यावर इंजिन चालू करून पेडल पूर्ण जोराने अर्धा मिनिट दाबून धरा; ते सरकता कामा नये. मग मोकळ्या सपाट जागी ताशी १० किमीने चालवून थांबवून पाहा, हँडब्रेकवर हात ठेवून. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक निपल आणि होजच्या जोडावर कोरडा कागद टेकवा. कागद ओला झाला तर गाडी उभीच राहू द्या.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी