सहलीच्या शेवटच्या दिवसावर पण लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पर्यटन पुरवणीत परदेश सहलींवर भरपूर येतं, व्हिसा, काय काय बघायचं, सगळं असतं, पण शेवटच्या दिवसाबद्दल कोणी काही लिहीत नाही आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वाया जातो तो हाच दिवस.

होतं काय की विमान रात्रीचं असतं आणि हॉटेलवाले सकाळी अकरालाच रूम खाली करायला लावतात, मग मधला अख्खा दिवस लोक बॅगा सांभाळत लॉबीत बसतात नाहीतर सरळ एअरपोर्ट गाठतात. पॅरिसला आम्ही ग्रुप टूरने गेलो तेव्हा तर टूरवाल्यांनी शेवटचा दिवस एक परफ्यूमचं शोरूम आणि एका मॉलमध्ये घालवला आणि वर एअरपोर्टला पाच तास आधी नेऊन सोडलं. लोक वर्षानुवर्षं पैसे साठवून जातात हो! याचा मला अजून राग येतो.

नंतर पॅरिसलाच आमचे आम्ही गेलो तेव्हा बॅगा हॉटेलच्या रिसेप्शनलाच ठेवल्या (चेकआउट झालं तरी ठेवून घेतात, फक्त आधी विचारून ठेवावं) आणि ठरवलं की आज एकच भाग, मेट्रोची धावपळ नाही. लक्झेंबर्ग गार्डनमध्ये गेलो. तिथे हिरव्या रंगाच्या लोखंडी खुर्च्या मोकळ्या ठेवलेल्या असतात, कुठेही उचलून न्या आणि बसा, तिकीट नाही काही नाही. मधे मोठं तळं आहे त्यात लहान मुलं शिडाची खेळण्यातली होडी काठीने ढकलतात, होडी वाऱ्याने पलीकडे गेली की मुलं काठाकाठाने पळत जातात आणि परत ढकलतात. तासभर तेच बघत बसलो. शेजारी एक आजोबा पेपर वाचत होते, ऊन सरकलं की खुर्ची सरकवायचे. आयफेल टॉवरच्या रांगेत हे शहर मला एवढं दिसलं नव्हतं, खरंच सांगते.

आणि म्युझियमच बघायचं असेल तर वार बघून ठेवा. पॅरिसला लूव्र म्युझियम मंगळवारी बंद, ऑर्से म्युझियम सोमवारी बंद, रोमला व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद, फक्त महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. मुख्य गोष्ट शेवटच्या दिवसावर ढकलली आणि नेमका तो वार आला तर दारातून परत यावं लागतं. पॅरिसमध्येच कार्नाव्हाले म्युझियम आहे, शहराचा इतिहास सांगणारं, त्याचं कायमचं प्रदर्शन फुकट असतं, त्यामुळे तासाभरात निघावं लागलं तरी तिकिटाचे पैसे गेल्याची चुटपुट नाही.

टॅक्स रिफंडचं, म्हणजे परदेशी पाहुण्यांना खरेदीवरचा कर परत मिळतो त्याचं, तर कोणी धड सांगतच नाही. फ्रान्समध्ये शंभर युरोच्या वर खरेदी असेल तर दुकानातून फॉर्म घ्यायचा आणि एअरपोर्टवर बॅग चेक-इनला देण्याच्या आधी तो मशीनवर स्कॅन करायचा, कारण कस्टमवाले वस्तू दाखवा म्हणू शकतात आणि बॅग आत गेली की काय दाखवणार? युरोपातच दुसऱ्या देशात विमान बदलणार असाल तर हे काम युरोपियन युनियन सोडताना शेवटच्या एअरपोर्टवर होतं. लंडनहून निघणाऱ्यांनी तर ही आशाच धरू नये, ब्रिटनने दुकानातल्या खरेदीवरचा हा रिफंड 2021 पासून बंद केलाय.

एअरपोर्टचं अंतर पण प्रत्येक शहराचं वेगळं. टोकियोहून नारिता एअरपोर्ट साठेक किलोमीटर लांब, तिथे लवकरच निघावं लागतं, उलट हाँगकाँगला एक्सप्रेस ट्रेन चोवीस मिनिटात पोचवते. सगळ्यांना एकच "दुपारी निघा" सांगून कसं चालेल?

तर विनंती अशी की पुरवणीत ज्या शहरावर लेख येईल त्याच्या खाली एक छोटी चौकट द्या, बॅगा कुठे ठेवता येतात, कुठलं म्युझियम कुठल्या वारी बंद, एअरपोर्टला ट्रेनने किती वेळ आणि जवळपास निवांत बसायची एखादी जागा. आणि टूरवाल्यांनी शेवटच्या दिवशी नेमकं कुठे नेणार, किती वाजता एअरपोर्टला सोडणार हे पैसे घ्यायच्या आधी कागदावर लिहून द्यावं, नुसतं "शॉपिंग आणि प्रस्थान" नको.

आपली,
एक नियमित वाचक