आई-बाबा, विमानांचं सगळं ठरवलंय, एकदा नीट वाचा

प्रिय आई-बाबा,

नमस्कार. बाबा, म्युनिकला आमच्याकडे येऊन मग सगळ्यांनी युरोप फिरायचं, त्यासाठी तुम्ही काल व्हॉट्सअॅपवर पाठवलेले स्वस्त तिकिटांचे स्क्रीनशॉट सगळे बघितले, अकराच्या अकरा. शेवटी वहीच्या पानावर सगळ्याची बेरीज करून त्याचा फोटो पाठवलात, ते अक्षर बघून खूप बरं वाटलं, एवढं बसून शोधलंत आमच्यासाठी. पण मी ती तिकिटं काढणार नाहीये. फोनवर सांगायला गेले की तुम्ही मध्येच "बरं बरं, तुला कळतं" म्हणता आणि मनात मात्र ते राहतं की पोरगी उगाच पैसे घालवते, म्हणून लिहूनच पाठवते.

पहिलं ते मिलानचं बघा. मुंबई ते मिलान एक तिकीट आणि मिलानहून साडेतीन तासांनी रोमचं दुसरं, आकडा बघून मलाही क्षणभर वाटलं घेऊन टाकावं. पण मुंबईचं विमान उतरतं माल्पेन्साला आणि रोमचं सुटतं बेर्गामोहून. दोन्ही मिलानचेच विमानतळ म्हणून दाखवतात, पण एक शहराच्या या टोकाला, दुसरं त्या टोकाला, मध्ये ऐंशी-नव्वद किलोमीटर. त्यात युरोपात पहिल्यांदा जिथे उतराल तिथे इमिग्रेशन, ऑक्टोबर २०२५ पासून नवी पद्धत सुरू झालीय, पहिल्या वेळी बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, रांग किती असेल सांगता येत नाही, मग बॅगा यायची वाट बघायची, मग बस शोधायची, मग परत चेक-इन, परत सिक्युरिटी. आईचा गुडघा घेऊन हे साडेतीन तासांत होणार नाही, आणि झालं तरी आई दमून रडकुंडीला येईल, ते मला नकोय.

आणि मुख्य म्हणजे ही दोन वेगळी तिकिटं आहेत, दोन पीएनआर, म्हणजे दोन वेगळे बुकिंग नंबर. एकाच तिकिटावर दोन विमानं असतील आणि पहिल्याला उशीर होऊन दुसरं चुकलं तर कंपनी तुम्हाला पुढच्या विमानात बसवते, ती त्यांची जबाबदारी असते. वेगळी तिकिटं असली की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, पैसे गेले.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. गेल्या वर्षी लिस्बनहून येताना आम्ही असंच केलं होतं, तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं, काळजी कराल म्हणून. पहिलं विमान दोन तास दहा मिनिटं लेट झालं, आम्ही पोचलो तर पुढच्याचं गेट बंद झालेलं. काचेतून विमान दिसत होतं, समोर उभं, पण आत सोडेनात. इथे युरोपात कायदा आहे, पोचायला तीन तास किंवा जास्त उशीर झाला तर २५० युरोपासून पुढे भरपाई मिळते, जवळच्या प्रवासाला २५०, लांबच्या प्रवासाला ६०० पर्यंत, पण आमचा उशीर तीन तासांच्या आतला, आणि पुढचं चुकलं ते आमचं आमच्या कपाळी. चौघांची नवी तिकिटं काढली आणि रात्र खुर्च्यांवर. धाकटी माझ्या ओढणीवर झोपली होती. तेव्हाच ठरवलं की तुम्हाला घेऊन असा प्रवास करायचा नाही.

बाबा, तुम्हाला आठवतं का, ढालगावला आजीकडे जाताना मिरजेला गाडी बदलायचो? साताऱ्याहून मोठी गाडी आणि मिरजेला उतरून पंढरपूरची छोटी गाडी, तो पूल चढून वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन. तुम्ही कायम आधीची गाडी पकडायला लावायचात, आई म्हणायची की मिरजेला चार तास काय करायचं पोरांना घेऊन, आणि तुमचं उत्तर ठरलेलं, "बसू, पण छोटी गाडी डोळ्यादेखत जायला नको." एका मे महिन्यात साताऱ्यालाच गाडी अडीच तास लेट झाली तरी आपल्याला छोटी गाडी मिळाली होती, आणि तुम्ही आम्हाला दोघांना खिडकीत बसवून बाहेरून पाणी भरून आणलं होतं. मी तुमचंच ऐकतेय.

तर मी असं ठरवलंय. मुंबईहून सरळ म्युनिक, मध्ये कुठे बदलायचं नाही, साधारण नऊ तास. मग चार दिवस घरी, काही नाही करायचं, झोप आणि जेवण, साडेतीन तासांचा फरक अंगात मुरू दे. मग मुलांना पेन्टेकोस्टची, म्हणजे इथल्या ख्रिश्चन सणाची, दोन आठवडे सुट्टी लागली की निघायचं. सगळ्या ट्रिपमध्ये स्वस्तातली विमानं फक्त दोन, म्युनिक ते रोम आणि चार दिवसांनी रोम ते पॅरिस. त्या दोन्ही दिवशी दुसरं काहीच ठेवलं नाहीये, विमान चार तास लेट झालं तरी आपल्याला फक्त हॉटेलात पोचायचंय. पॅरिसहून स्वित्झर्लंड आणि तिथून घरी रेल्वेने. तुम्हाला युंगफ्राउयोखची रेल्वे बघायचीय ना, ते स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे, युरोपातलं सगळ्यात उंच, १९१२ पासून गाडी जाते वरपर्यंत. फक्त त्याआधी तुमच्या डॉक्टरांना बीपीचं विचारून घ्या, ते नको म्हणाले तर खालच्या स्टेशनपर्यंत जाऊ, वाटेतले डोंगरही सुंदर आहेत.

रोम-पॅरिसचं तुम्ही २२ युरोवालं दाखवलंत ते ब्युवेला उतरतं, पॅरिसपासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. इथे हे नेहमीचंच, आमच्याकडे मेमिंगेनला म्युनिक वेस्ट म्हणतात आणि ते ११० किलोमीटरवर, म्हणजे पुणे सांगून साताऱ्यात उतरवल्यासारखं. ब्युवेहून सव्वा तास बस, माणशी सतरा युरोच्या आसपास. मी घेतेय ते पॅरिसच्याच ओर्ली विमानतळाचं, ५५ युरोचं, २०२४ पासून तिथून मेट्रो सरळ शहरात जाते, तिला तेरा-चौदा युरो. हिशोब केला, सहा जणांचे साधारण १७० युरो जास्त जातात, ते खरंय, मी नाही म्हणत नाही. पण ब्युवेचं विमान रात्री साडेअकराला उतरतंय, तिथून बस धरून आईला दोन वाजता हॉटेलात न्यायचं मला जमणार नाही. ते १७० मी देणार, यावर वाद नको.

आई, आता तुझ्यासाठी. व्हीलचेअर बुक करतेय, सगळ्या विमानांना. नको म्हणू नकोस. युरोपात ही मदत कायद्याने फुकट आहे, अट एकच, ४८ तास आधी कळवायचं. स्वस्तातल्या विमानांना बऱ्याचदा पूल लावत नाहीत, बसने विमानापाशी नेतात आणि उघड्या शिडीने चढायचं, वीस-बावीस उंच पायऱ्या, कधी पावसात. मदत मागितली असेल तर लिफ्टची गाडी येते आणि थेट दारापाशी नेते. लोक काय म्हणतील असं तू म्हणशील, कोणी काही म्हणत नाही, माझ्या शेजारच्या आजी दर वर्षी अशाच मुलाकडे जातात, लिपस्टिक लावून, मस्त बसून.

बॅगांचं. फुकट जाते ती छोटी बॅग ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटर, सीटखाली बसणारी. तू मागच्या वेळी इथे विसरलेली शिवणाची पिवळी टेप माझ्याकडे आहे, तिने मोजलं, बाबांची निळी रेक्झिनची बॅग नीट बसते, पण पुढचा खिसा भरला की २४ होते, त्या खिशात काही ठेवायचं नाही. गेटवर मोठी निघाली तर तिकिटापेक्षा जास्त पैसे घेतात. गोळ्या त्याच बॅगेत, पाकिटातून न काढता, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. लोणचं मोठ्या बॅगेत, हातातल्या बॅगेत नको, ते पातळ पदार्थांत धरतात आणि १०० मिलीच्या वर असेल तर काढून ठेवतात. आणि आई, कंदी पेढे आणि तूप आणू नकोस, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. हापूसही नको, झाडं-फळांना सर्टिफिकेट लागतं. भाजणी, मेतकूट, तिखट आण, पोरी मेतकूट-भातासाठी थांबल्यात.

लंडन या वेळी नाही बाबा. तुमच्या मित्राला भेटायचं होतं माहीत आहे, पण ते शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांत, येत नाही, त्याला वेगळा व्हिसा, आणि तुम्हाला एकदाच प्रवेशाचा व्हिसा मिळाला तर लंडनला गेल्यावर परत इकडे येता येणार नाही. स्वित्झर्लंडची काळजी नको, ते शेंगेनमध्येच आहे. व्हिसासाठी ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, तो मी इथून काढते, तुम्ही एजंटला पैसे देऊ नका.

एकच काम करा. दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो उजेडात काढून पाठवा, बोट अक्षरांवर येऊ देऊ नका. आईच्या पासपोर्टवर तुमचं नाव मधे आहे की वेगळ्या रकान्यात ते मला अक्षर न् अक्षर बघायचंय, तिकिटावर तसंच लागतं आणि चुकलं तर दुरुस्तीला पैसे पडतात. चेक-इनचं मी बघते, ऑनलाइन न करता विमानतळावर केलं तर काही कंपन्या माणशी ५५ युरोपर्यंत घेतात.

रविवारी तुमच्या दुपारी फोन करते. तोपर्यंत आईने व्हीलचेअरचं हो म्हणून ठेवावं, आणि बाबा, ते वहीचं पान फाडून टाकू नका, मला हवंय.

तुमची,
मनू