लिंबूसत्त्व आणि बिनकल्हईचे भांडे

लिंबूसत्त्व (सायट्रिक अ‍ॅसिड) लिंबापासून करतात, हा समज अजूनही पक्का आहे. १७८४ मध्ये शील या रसायनशास्त्रज्ञाने ते लिंबाच्या रसातूनच वेगळे केले होते. आज मात्र मळी किंवा साखरेच्या द्रावणात अ‍ॅस्परजिलस नायजर ही बुरशी वाढवून ते मिळवतात. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर छापलेला ‘आयएनएस ३३०’ हा मिश्रक-क्रमांक याचाच. बेताने वापरल्यास ते निर्धोक आहे, पण त्यात क जीवनसत्त्व नसते. पनीरसाठी लिटरभर दुधाला २ ग्रॅम पुरे, तेही अर्धा कप गरम पाण्यात विरघळवून; जास्त पडल्यास पनीर आंबट आणि कडक होते. खरा धोका भांड्याचा. बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात सरबत मुरत ठेवले की त्यात तांबे उतरते आणि पिणाऱ्याला मळमळ, उलट्या होऊ शकतात. त्यासाठी स्टील किंवा काचच हवी. मुलांना कोरडी पूड चाटायला तर मुळीच देऊ नये. दातांचे वरचे कवच झिजते.