पाच शर्ट

चि. सागर यास अनेक आशीर्वाद.

तुझी पिशवी बंडूच्या हाती काल रात्री मिरजेला पोचली. पाच शर्ट, दोन पँटी, एक टॉवेल. पुण्यात धोबी मिळत नाही का, म्हणून आई हसली, पण पिशवी आधी तिनेच उघडली.

फोनवर बोलायला गेलं की आपलं बिनसतं, म्हणून लिहितोय. फक्त डागांबद्दल.

चहा पाचही शर्टांवर आहे. पांढऱ्यावर खिशाखाली तीन ठिकाणी, आणि वरून तू इस्त्री फिरवलीस! लाँड्रीवाल्याचा मुलगा तू. डागावर इस्त्री फिरली की डाग मुरलाच. आपल्या चहात दूध असतं. गरम पाण्यात टाकलास की ते धाग्यातच शिजतं. म्हणून आधी गार पाणी, आणि कापड उलटं करून नळाखाली धरायचं. साबणाची वडी घासू नकोस, चहा आणखी पक्का बसतो. पावडरच्या पाण्यात अर्धा तास ठेव. मी ग्लिसरीन लावून रात्रभर ठेवलं आणि सकाळी मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड लावलं. रंगीत कापडावर ते आधी आतल्या शिवणीला थेंबभर लावून बघायचं. पांढऱ्यावर एक पिवळट कड राहिलीच. निळ्यावर वड्याचं तेल होतं, ते भांड्यांच्या लिक्विडने गेलं.

हळद मात्र कुठेच नाही.

बत्तीस वर्षं लोकांची कापडं धुतोय. मेसला जेवणाऱ्या पोरांच्या बाहीला आमटी लागलेली असतेच. तुझ्या पाच शर्टांवर एक थेंब नाही. तू जेवत नाहीस असं मी म्हणत नाही. नीट जेवत असशील, सांडत नसशील. पण लहानपणी तर सांडायचास.

आठवतं का, सहा वर्षांचा असशील, गिऱ्हाइकाच्या धुतलेल्या धोतरावर वरण सांडलंस आणि कुणाला न सांगता साबण चोळलास. पिवळा डाग लालभडक झाला. तुला वाटलं रक्तच आलं. इस्त्रीच्या टेबलाखाली जाऊन बसलास, आईने लाडू दाखवला तरी बाहेर येईना. हळदीला साबण लागला की ती लाल होते, खळबळून धुतली की परत पिवळी, हे मी तुला टेबलाखाली वाकून सांगत होतो. मग दोन दिवस धोतर गच्चीवर उन्हात टाकलं, हळद उन्हाने उडते. दर तासाला वर जाऊन बघून यायचास. आजोबांनी कापडांवर बिब्याने घातलेल्या खुणांवरून आकडे शिकलास तू. आता पूर्वपरीक्षा काढलीस. हे मी दुकानात येईल त्याला सांगतो, न विचारता.

अभ्यासिकेत रात्री बारापर्यंत बसतोस, ते ठीक. पण चहाने भूक मरते. अण्णांनीही परीक्षेचं वर्ष चहावरच काढलं होतं, पुढचं तुला ठाऊक आहे. एवढ्या लांब राहून, पैसे वेळेवर पाठवूनसुद्धा जर... जाऊ दे. झालं माझं भाषण. गेल्या रविवारीही मी जरा जास्तच बोललो. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

एक राहिलं. ब्लीच वापरलंस तर त्यात व्हिनेगर किंवा लिंबू मिसळू नकोस, विषारी वायू सुटतो. खोली तुझी केवढीशी, खिडकीही एकच.

रविवारी बंडू परत येतोय, शर्ट त्याच्याकडे देतो. निळ्याचं दुसरं बटण लावलंय. आईने मेतकूट दिलंय, तुपाची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळलीय. सांडली तर पिशवीभर तूप होईल, आधी ती काढ. हळदीचं मी आईला बोललेलो नाही, तूही बोलू नकोस.

आणि तुझ्या मेसवाल्याचा नंबर पाठव. फोन करणार नाही, नुसता जवळ असू दे.

तुझा,
आप्पा